एक आकडा, एक माणूस

शशी, त्या शनिवारी मी तुला पाहिलं होतं.

इतकी वर्षं मी सांगत आलो की माझं सगळं लक्ष पाहुण्यांकडे होतं, तू समोर बसून मान हलवलीस ते मला दिसलंच नाही. तू ते खरं मानलंस की नुसतंच सोडून दिलंस, मला कधी कळलं नाही. मला दिसलं होतं. पाहुण्यांनी विचारलं, ‘कुठल्या खात्यात म्हणालात?’ आणि तोंड उघडायच्या आधी मी तुझ्याकडेच पाहिलं. तू टेबलाच्या पलीकडे होतास. पंजा टेबलावर सपाट ठेवलेला. मान अगदी थोडीशी हलवलीस, नाही म्हणून. त्याचा अर्थ मला कळला. मग मी पाहुण्यांकडे वळलो आणि म्हणालो, ‘फिल्टर प्रेसवर.’

तुझं दिवसकार्य होऊन दोन आठवडे झाले. जकात नाक्यावरच्या तुझ्या सोबत्यांनी कल्याणला शोकसभा घेतली. मित्रांपैकी कोणी बोलायचं म्हटल्यावर सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. भाषणं देणं हा माझा धंदाच. मी तुझ्या हुशारीबद्दल बोललो, तुझ्या विनोदाबद्दल बोललो, अभ्यासक्रम अर्धा टाकून तू घर कसं सावरलंस त्याबद्दलही बोललो. का टाकलास ते सोडून सगळं. दोघंतिघं रडले. सभा संपल्यावर तुझे वडील काठी टेकत माझ्यापाशी आले, माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, ‘छान बोललास रे मोहन.’

अण्णांचा तो हात अजून माझ्या हातावर आहे. म्हणून हे लिहितो आहे.

आपला तो वर्ग आठवतो का रे तुला? ठाण्याच्या कॉलेजातले दिवसाचे तास संपले की वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या आपल्याला मिळायच्या. सार्वजनिक धोरण या विषयाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम. नातेवाइकांना समजावून सांगता सांगता नाकी नऊ यायचे. माझ्या मामांना वाटायचं मी विमा एजंट होणार. तुझ्या आईनं शेजारणीला सांगितलं होतं की शशी सरकारला सल्ला द्यायचं शिकतो आहे, आणि त्यावर शेजारीण म्हणाली होती, आधी म्हणावं नळाला पाणी कधी येईल ते विचार. हे तूच वर्गात सांगितलंस आणि साठे सरांनी ते पुढं प्रत्येक तुकडीला सांगितलं.

बरोबरचे बरेचसे नोकरी करणारे. बँकेतले, जिल्हा परिषदेतले, दोन शाळामास्तर. ते पगारवाढीसाठी आलेले. आपण दोघंच बिनपगारी, त्यामुळे आपल्याला खरंच काही बदलायचं होतं. तास संपला की तलावपाळीच्या कठड्यावर बसून आपण भांडायचो. पाणीपट्टी मीटरवर असावी की घरावर, झोपडीला वीज द्यावी की नाही. तू जिंकत आलास की मला आलेपाक घ्यायला पिटाळायचास आणि परत येईपर्यंत माझी बाजू स्वतः घेऊन ठेवायचास. म्हणायचास, ‘तुझी बाजू मी तुझ्यापेक्षा बरी मांडतो, मोहन्या. तू नुसता हो म्हण.’ ते खरं होतं. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात अर्थशास्त्र तू मला शिकवलंस, तुमच्या मानपाड्याच्या चाळीच्या जिन्यात बसून. पहिल्या वर्षी तू पहिला आलास. दुसऱ्या वर्षी मी पहिला आलो, कारण तू नव्हतास.

साठे सरांची ती शनिवारची सुनावणी आठवते. एक प्रश्न घ्यायचा, चिठ्ठ्या टाकून बाजू ठरवायची, आणि आपल्याला न पटणारी बाजूही जीव ओतून मांडायची. सरांचा नियम एकच होता. प्रत्येकानं एक आकडा आणायचा आणि एक माणूस आणायचा. आकड्यानं मुद्दा सिद्ध होतो, ते म्हणत, आणि माणसानं तो पटतो. माणसाचं नाव घ्यायचं नाही, पण माणूस खरा हवा. कल्पनेतली गरीब विधवा कोणी उभी केली की सर लगेच ओळखायचे आणि विचारायचे, ‘ही बाई राहते कुठं? आपण आत्ता जाऊन भेटू या.’

आकडे कुणालाही मिळायचे. माणूस मिळवायला तुझ्यासारखा तूच. फेरीवाल्यांच्या सुनावणीत तुझ्या वाट्याला त्यांना उठवू नये ही बाजू आली तेव्हा तू स्वतःलाच आणलंस. म्हणालास, हा तरुण रोज संध्याकाळी डोंबिवली स्टेशनाबाहेर भाजी घेतो. फेरीवाले उठले तर त्याची आई त्याला मंडईत पाठवील आणि त्याचा लोकप्रशासनाचा पेपर बुडेल. सरसुद्धा हसले. पण दुसऱ्या कुणाला आणायचं असलं की तू आधी त्या माणसाला विचारायचास. मला तो वेडेपणा वाटायचा. नाव तर घ्यायचं नाही, मग विचारायचं कशाला? कँटीनच्या मावशींचं रेशनकार्ड त्यांच्या गावाकडून बदलून मिळत नव्हतं, ते वर्गात सांगायच्या आधी तू त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिलास. त्या म्हणाल्या, ‘सांग की. फक्त मी उसळीत पाणी घालते ते नको सांगू.’ परत येताना मी तुला म्हणालो की त्या नाही म्हणाल्या असत्या तर तुझा मुद्दा गेला असता. तू म्हणालास, ‘मग गेला असता.’

ते दोन शब्द तेव्हाच नीट ऐकले असते तर!

अण्णांचं तू मला मुद्दा म्हणून सांगितलं नव्हतंस. मित्र म्हणून सांगितलं होतंस. दिवाळीनंतरचा एक रविवार होता. आपण मानपाडा रोडनं चालत होतो. औद्योगिक वसाहतीच्या कडेचा नाला त्या दिवशी गुलाबी होता, आणि तू म्हणालास की नाल्याच्या रंगावरून आम्हाला कळतं अण्णांच्या बनियनचा आज रंग कोणता. अण्णा कापडाच्या रंगाच्या कारखान्यात होते. फिल्टर प्रेस म्हणजे रंगाचा ओला लगदा दाबून गाळायचं यंत्र. तिथून सुटणारी पूड नाकातोंडात जायची. आधी हसलास, मग सांगितलंस. अण्णांना दम लागायला लागून तीन वर्षं होत आली होती. कंपनीत वर्षातून एकदा डॉक्टर तपासायचे, नळीत फुंकर मारायला लावायचे, आणि त्यात नापास होणाऱ्याला घरी बसवायचे. म्हणून आदल्या संध्याकाळी अण्णा खासगी डॉक्टरकडे जाऊन दम्याचं इंजेक्शन घ्यायचे. दुसऱ्या दिवशी छाती मोकळी आणि तपासणी पार. तुझी परीक्षा होऊन तुला नोकरी लागेपर्यंत त्यांना असं ढकलायचं होतं. घरातल्यांखेरीज हे एकाच माणसाला माहीत होतं. दोन खोल्या पलीकडचे नामदेवकाका, त्याच कारखान्यात माल भरायच्या खात्यात. तेच अण्णांना सायकलवर मागं बसवून डॉक्टरकडे न्यायचे.

तू म्हणालास, ‘त्यांना म्हटलं सोडा. तर म्हणतात, तू शिक, मी श्वास घेतो.’

आणि मी, शशी, हे ऐकताना हळहळलो. खरंच हळहळलो. पण त्याच वेळी मनात एक कोपरा म्हणत होता: काय माणूस आहे! त्या कोपऱ्याची मला आजही लाज वाटते. पण तो होता हे तुला सांगायलाच हवं.

दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला मोठी सुनावणी असायची. बाहेरचे पाहुणे बोलावले जायचे, आणि त्यांच्यापुढे जो चमकेल त्याच्या नोकरीची सोय होते असा बोलबाला होता. प्रश्न होता, कामगारांची आरोग्य तपासणी कारखान्याच्या डॉक्टरांकडे असावी की सरकारी यंत्रणेकडे. मला चिठ्ठी आली सरकारी यंत्रणेची आणि तुला कारखान्याची. माझ्याकडे आकडा होता. माणूस नव्हता. आठवडाभर शोधला, म्हणजे शोधल्याचं नाटक केलं, कारण माणूस कुठं आहे ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तुला विचारलं नाही. तू नाही म्हणाला असतास.

मी उभा राहिलो आणि सांगितलं. मानपाड्याकडच्या वसाहतीतला रंगाच्या कारखान्यातला एक कामगार, वयाची पन्नाशी उलटलेला, मुलगा शिकतो आहे, आणि हा माणूस दर वर्षी सुई टोचून घेऊन तपासणीत पास होतो. अशी तपासणी काय कामाची? मी फार चांगलं बोललो होतो. पाहुण्यांमध्ये एक वयस्क गृहस्थ होते, कारखानदारांच्या एका मंडळावर बसणारे, अतिशय सौम्य. त्यांनी काही टिपून घेतलं नाही. चेहऱ्यावर कळवळा आणून फक्त तो एक प्रश्न विचारला. त्या वसाहतीत रंगाचे कारखाने असून असून किती असणार? आणि त्यांतल्या फिल्टर प्रेसवर किती माणसं? ‘खातं आठवत नाही’ एवढंच म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण समोर ऐकणारा माणूस असला की माझं आजही असंच होतं. त्याला रिकाम्या हातानं परत पाठवणं मला जमत नाही.

त्यानंतर बोलायची पाळी तुझी होती. तू उठलास, तुझा आकडा सांगितलास, आणि म्हणालास, ‘माझ्याकडे माणूस नाही.’ खाली बसलास. सरांनी तुझे गुण कापले.

संध्याकाळी डोंबिवलीत उतरून आपण पूर्वेला चालत निघालो. मला वाटलं तू मारशील. तू नुसता चालत राहिलास. चार रस्त्यांपाशी मी तुझा दंड धरला आणि म्हणालो, अण्णांना हे सांगू नकोस. काही होणार नाही, त्या म्हाताऱ्याच्या लक्षातही राहणार नाही. पण समज झालंच काही, तर मी बोललो हे अण्णांना कळू देऊ नकोस. त्यांच्या घरी मी कोणत्या तोंडानं जेवू? तू माझा हात सोडवून घेतलास.

‘मी नाही सांगणार,’ तू म्हणालास. ‘ते तुझं काम आहे. तूच सांगायचंस.’

तो महिना संपायच्या आत कंपनीचे डॉक्टर न सांगता थेट फिल्टर प्रेसवर आले. अण्णांना फुंकर मारता आली नाही. सुपरवायझर सगळ्यांसमोर म्हणाला, काय ओ, आज सुई नाही का घेतलीत? अण्णा घरी बसले. तू वर्ग सोडलास आणि मिळाली ती नोकरी घेतलीस, जकात नाक्यावर कारकून. सरांनी दोनदा तुला निरोप पाठवला. मी तो तुझ्यापर्यंत पोचवला आणि तुझं उत्तर सरांपर्यंत, टपालवाल्यासारखा. दोन्हीकडे मान खाली.

पण खरा घाव कुठं पडला ते मला आठवड्याभरानं कळलं. मी तुमच्याकडे आलेलो, तू बाहेर गेलेलास. अण्णांनी मला आग्रहानं बसवून घेतलं. म्हणाले, ‘मोहन, तू शिकलेला आहेस, विचार करून सांग. सुईचं कंपनीला कुणी सांगितलं असेल? घरची माणसं सांगणार नाहीत. राहिला कोण?’

त्यांनीच बोट उचलून भिंतीकडे दाखवलं. पलीकडे, दोन खोल्या सोडून. त्याच पंधरवड्यात कंपनीनं नामदेवकाकांना माल भरण्यावरून काढून अण्णांच्या जागी यंत्रावर लावलं होतं. वर भत्ताही होता. याहून आणखी पुरावा अण्णांना कशाला हवा होता? मी चहा प्यायलो आणि उठलो, शशी. माझ्या गप्प बसण्याला त्यांनी होकार धरला असणार. एक माणूस वर्गात विकला, दुसरा तिथं त्या खाटेवर बसून.

अण्णांनी नामदेवकाकांशी बोलणं सोडलं ते सोडलंच. एकाच चाळीत, एकाच नळावर. काका पहिल्या दिवाळीला फराळाचं ताट घेऊन आले ते दारातून परत गेले. तुझ्या लग्नात तू स्वतः जाऊन त्यांना आमंत्रण दिलंस. ते मांडवाच्या टोकाला उभे राहिले, अक्षता टाकल्या आणि न जेवता गेले. मी पंगतीत वाढत होतो. तू मोहने गावची नीला करून आणलीस आणि मला म्हणालास, ‘आज सांगतोस का? आज अण्णा खुश आहेत.’ मी म्हटलं, लग्नात कुठं असल्या गोष्टी. तू म्हणालास, बरं.

आपला वाद मिटला नाही. तो आपण अधूनमधून काढायचो, जुनं दुखणं दाबून पाहावं तसा. माझ्याकडे एक बचाव होता आणि मी तो फार वर्षं वापरला. मी म्हणायचो, मी केलं ते चूक होतं, पण माझा मुद्दा चूक नव्हता. अण्णा आणखी पाच वर्षं त्या पुडीत राहिले असते तर आज नसते. डॉक्टर स्वतः तसं म्हणाले होते. तू एकदा शांतपणे म्हणालास, ‘असेल. पण ते ठरवायचं कुणी? तू, की ज्याची छाती आहे त्यानं?’ आणखी एकदा, आपण दुर्गाडी किल्ल्याच्या बाजूला खाडीकडे तोंड करून बसलो होतो तेव्हा, तू म्हणालास, ‘अण्णा वाचले म्हणतोस. ती जागा रिकामी राहिली का रे?’

इतकी वर्षं मी धोरण शिकवतो आहे. एका माणसाला पुडीतून काढलं आणि दुसरा उभा केला. कायदा बदलला नाही, तपासणी बदलली नाही. मला मात्र त्या भाषणावर संशोधन सहायकाची पहिली नोकरी मिळाली. आणि तू मला पेढे मागितलेस. मागितलेस, आणि खाल्लेस. तुझं हे मला कधीच समजलं नाही. माझ्या आईच्या आजारपणात ठाण्याच्या इस्पितळात पाळ्या लावून तू बसलास, नाक्यावरची ड्यूटी करून. मी एकदा तुला म्हणालो की तू हे का करतोस, मला याचं ओझं होतं. तू म्हणालास, ‘मग ते एक काम करून टाक, हलका हो.’ मी तुझी माफी मागायला लागलो की तू हात वर करायचास. ‘मला कशाला? मी तुझ्यावर रागावलो असतो तर कधीच मिटलं असतं. अण्णांना सांग. नामदेवकाकांचं नाव मोकळं कर.’

तुझ्या मैत्रीबद्दल कृतज्ञता वाटावी, तर तीही अशी, पोटात काटा घेऊन.

आपली शेवटची भेट या श्रावणातली. मी कल्याणला एका शिबिरात नगरपालिकांच्या माणसांपुढे बोलून तुझ्या नाक्यावर आलो. तू एका टेंपोवाल्याशी हुज्जत घालत होतास. त्याच्या कागदावर कांदे होते आणि टेंपोत पंखे. मला पाहून तू त्याला म्हणालास, ‘हे बघ, धोरणवाले साहेब आले. यांनीच जकात काढून टाकायची ठरवलीय. तोवर मात्र भर.’ मग आतल्या बाकावर आपण चहा घेतला. तुझा चेहरा मला सुजल्यासारखा वाटला, पण मी विचारलं नाही. तू नामदेवकाकांचं काढलंस. आता ते खोकतात, म्हणालास. कंपनीनं त्यांनाही घरी बसवलं. सकाळी त्यांची उबळ सुरू झाली की सगळ्या चाळीला ऐकू येते, आणि अण्णा उठून खिडकी लावून घेतात.

‘मला ती खिडकी बघवत नाही रे,’ तू म्हणालास. ‘जाशील ना?’

मी म्हणालो, गणपती होऊ देत. गणपती झाले. नवरात्रही झालं. कोजागरीच्या आसपास सकाळी दाढी करताना तू मोरीपाशी कोसळलास, आणि मी पोचलो तो थेट तुला पाहायला. वय चाळिशीसुद्धा नाही. त्या गर्दीत कुणीतरी अण्णांकडे पाहून हळहळत म्हणालं, म्हातारा धडधाकट राहिला आणि पोरगा गेला. आणि माझ्या मनातला तो जुना कोपरा लगेच म्हणाला, बघ, अण्णा टिकले. तुझं प्रेत पुढ्यात असताना. यावरून ओळख मी स्वतःला त्या बचावात किती मुरवून ठेवलं होतं ते.

शोकसभेनंतरच्या रविवारी सकाळी मी मानपाड्याला गेलो. नीला माहेरी गेली होती. अण्णा दारात बसून वाल सोलत होते. भिजवलेले, मोड आलेले. त्यांनी परात माझ्याकडे सरकवली, तसा मीही सोलायला बसलो. थोडा वेळ तुझ्याबद्दल बोलले. लहानपणी तू सोललेले वाल कमी आणि सालंच जास्त ठेवायचास, कारण बाकीचे तोंडात. मग मी सांगितलं. मनाशी जुळवलेली वाक्यं होती, एकही आठवलं नाही.

‘अण्णा, सुईचं नामदेवकाकांनी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं.’

त्यांनी वर पाहिलं. पहिल्यांदा त्यांना ते पटलंच नाही. म्हणाले, ‘शशीनं जाताना काही बोलून ठेवलं का तुझ्यापाशी? त्या नामदेवला मोकळं करायला पाठवलंय तुला?’ मी नाही म्हणालो. वर्ग, सुनावणी, पाहुणे, त्यांचा प्रश्न, माझं उत्तर, सगळं सांगितलं. तुझी मान हलली तेही. त्यांचे हात सोलत होते. बराच वेळ सोलत होते. मग माझ्या लक्षात आलं की दाणे सालांत पडताहेत आणि सालं परातीत.

शेवटी त्यांनी विचारलं, ‘शशीला ठाऊक होतं?’

शशी, याचा विचार मी केलाच नव्हता. तुझं नाव त्यांच्यापुढे मलिन करायला मी आलो नव्हतो. नाही म्हणालो असतो तर तू त्यांच्या मनात होतास तसा राहिला असतास. ते तोंडाशी आलं होतं. पण त्या घरात आणखी एक खोटं ठेवून मला उठवेना.

‘हो,’ मी म्हणालो. ‘मी त्याला हातापाया पडून गप्प केलं. तो दर भेटीला मला सांगायचा, जा आणि अण्णांना सांग. मी आलो नाही.’

अण्णांनी मला शिव्या दिल्या नाहीत, ऊठ म्हणाले नाहीत. परात बाजूला ठेवली, हात पंचाला पुसले. खुंटीवरचा सदरा घातला, बटणं सगळी लावली, काठी घेतली आणि म्हणाले, ‘चल.’

दोन खोल्या. मधल्या दारातली बाई धुणं वाळत घालता घालता थांबली. नामदेवकाका खाटेवर उशीला टेकून होते, फार वाळलेले. दारात अण्णांना पाहून ते उठायला लागले, त्यातच खोकल्याची उबळ आली. काकूंनी पाठ चोळली. जरा दम धरून त्यांनी स्वतःचे पाय आखडले, खाटेवर जागा केली आणि अण्णांना म्हणाले, ‘बसा की. उभं का?’

अण्णा बसले नाहीत. काठी उंबऱ्यावर टेकून ते तसेच उभे राहिले आणि माझ्याकडे पाहू लागले. मी आत गेलो. खाटेपाशी खाली बसलो, म्हणजे काकांना मान वर करावी लागू नये.

‘नामदेवकाका,’ मी म्हणालो, ‘अण्णांच्या सुईचं बाहेर बोललो तो मी. कंपनीपर्यंत ते माझ्या तोंडून गेलं. नाव तुमच्यावर आलं, ते मला पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं, आणि मी येऊन-जाऊन असूनही ते तुमच्यावर राहू दिलं. तुमची काही चूक नव्हती. सगळी माझी होती. मला माफ करा.’